बँडमध्ये जे मावलं नाही ते वाजवा

ताई, नमस्कार. वय ३६, पुण्यात राहतो. नऊ वर्षं एका जॅझ फ्युजन बँडमध्ये गिटार वाजवली, गेल्या दिवाळीत बाहेर पडलो. आमचा एक व्हिडिओ गाजला आणि तेव्हापासून दर कार्यक्रमात त्यातलाच सोलो, अगदी तसाच्या तसा वाजवायचा असा आग्रह सुरू झाला. कंपन्यांच्या पार्ट्या वाढल्या, तालमी थांबल्या. कीबोर्डवाला माझा कॉलेजपासूनचा मित्र, बँड त्याचाच म्हणायचा. आता आमचं बोलणं नाही. माझ्या सात रचना तयार आहेत. त्यातल्या तीन बँडने वाजवलेल्या, आणि त्यातही एकीचा उत्तरार्ध त्याने बांधलेला. चार लाख रुपये बाजूला टाकले आहेत. एक लहान रेकॉर्ड कंपनी सगळा खर्च उचलायला तयार आहे, पण सगळे हक्क कायमचे त्यांचे. मित्र म्हणतात, असा अल्बम काढ की त्यांना कळू दे काय गमावलं. बायको नोकरी करते, मुलगी तिसरीत आहे. कंपनीकडे जाऊ का? त्या तीन रचना घेऊ का? आणि लोक म्हणणार, ‘हे बँडसारखंच वाजतंय’ किंवा ‘बँडची मजा नाही’. त्याचं काय करू?
— एक गिटारवादक

नमस्कार.

तुमच्या पत्रात मला कंपनीच्या करारापेक्षा मित्रांच्या वाक्याची जास्त भीती वाटली. ‘त्यांना कळू दे काय गमावलं.’ मित्र प्रेमापोटी बोलतात, पण या वाक्यावर अल्बम उभा केलात तर प्रत्येक तुकडा वाजवताना तुमच्यासमोर तोच माणूस बसलेला असेल, ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात म्हणून तुम्ही वेगात वाजवाल, अवघड ताल घ्याल, जिथे थांबायला हवं तिथे थांबणार नाही. बँडमधून बाहेर पडूनही वाजवत त्याच्यासाठीच राहाल.

म्हणून आधी एक काम करा. या नऊ वर्षांत तालमीत तुम्ही काय काय सुचवलंत आणि ‘हे आपल्या बँडचं नाही’ म्हणून बाजूला पडलं, ते आठवून लिहून काढा. संथ लयीतलं काही असेल, नायलॉनच्या तारांवरचं असेल, ड्रम नसलेलं असेल. तुमचा अल्बम त्या कागदावर आहे.

या बाबतीत एकाच बँडच्या दोन गिटारवादकांची उदाहरणं मला फार बोलकी वाटतात. कीबोर्डवादक चिक कोरियाचा ‘रिटर्न टू फॉरएव्हर’ हा जॅझ फ्युजन बँड तुम्ही ऐकलेला असणारच. १९७३ च्या ‘हिम ऑफ द सेव्हन्थ गॅलेक्सी’ या त्यांच्या अल्बमवर बिल कॉनर्सची इलेक्ट्रिक गिटार आहे, भरदार आणि धारदार. १९७४ मध्ये त्याने बँड सोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो ऑस्लोच्या स्टुडिओत बसला तो अकूस्टिक गिटार घेऊन, एकटा. ‘थीम टू द गार्डियन’ हा ईसीएम या जर्मन रेकॉर्ड कंपनीने काढलेला अल्बम म्हणजे नुसती गिटार. दुसरी गिटार जिथे ऐकू येते तीही त्याचीच, वरून भरलेली. ड्रम नाहीत, बास नाही, कोरियाच्या कीबोर्डशी स्पर्धा तर नाहीच. आदल्याच वर्षी जो माणूस इतका गर्जत होता त्याच्या मनात एवढी शांत जागा होती, हे त्या बँडमध्ये कधी कळलंच नसतं. आणि ऐंशीच्या दशकात तोच कॉनर्स पुन्हा इलेक्ट्रिक गिटारकडे वळला. म्हणजे त्या एका अल्बमने त्याला जन्मभरासाठी बांधून घातलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पहिला अल्बम काढणारा प्रत्येक जण तो जणू मृत्युपत्र असल्यासारखा घाबरतो.

त्याच खुर्चीवर मग अल डि मिओला आला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. १९७६ मध्ये बँडचा तो संच मोडला आणि त्याच वर्षी त्याचा पहिला अल्बम आला, ‘लँड ऑफ द मिडनाइट सन’. याने कॉनर्सच्या अगदी उलट केलं. वेग तोच, झळाळी तीच, आणि बँडचे तिघेही जण, म्हणजे कोरिया, स्टॅन्ली क्लार्क आणि लेनी व्हाइट, वेगवेगळ्या तुकड्यांत हजर. एक तुकडा तर कोरियाचीच रचना, कोरिया पियानोवर आणि हा अकूस्टिक गिटारवर, दोघंच. ‘बँडसारखंच वाजतंय’ असं कोणी म्हटलं असतं तरी त्याचं काय बिघडणार होतं? त्याला ते संगीत आवडत होतं आणि त्यात त्याचं अजून बरंच वाजवायचं उरलं होतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. बँडसारखं वाजतं की नाही, हा श्रोत्यांचा हिशेब, तो त्यांना करू द्या. तुम्ही तो करायला लागलात तर बँडची प्रत्येक खूण पुसण्यात महिने जातील, आणि त्यात तुमच्या हाताच्या खुणाही पुसल्या जातील. नऊ वर्षं त्या बँडचा आवाज अर्धा तुमच्याच गिटारचा होता.

आता त्या व्हिडिओतल्या सोलोबद्दल. ‘तसाच वाजव’ हा आग्रह वाचून मला लगेच गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ आठवला, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातले निम्मे प्रश्न त्याच्या आयुष्यात येऊन गेले आहेत.

होल्ड्सवर्थ इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा. त्याला खरं तर सॅक्सोफोन हवा होता, हातात आली गिटार. मग डाव्या हाताच्या बोटांनी सूर असे ठोकत गेला की तारेवरचा आघात नाहीसाच व्हावा आणि फुंकलेल्या वाद्यासारखी सलग ओळ उमटावी. ‘सॉफ्ट मशीन’, टोनी विल्यम्सचा ‘न्यू लाइफटाइम’, ‘गाँग’, ‘यूके’, बिल ब्रुफर्डचा बँड, असे कितीतरी बँड त्याने सोडले. ‘यूके’चा १९७८ चा अल्बम गाजला, आणि रेकॉर्डवरचे सोलो मंचावर रोज तसेच वाजवावेत, अशी अपेक्षा सुरू झाली. त्याला ते जमेना. हा हेकेखोरपणा आहे असं कोणी म्हणो, मला तसं वाटत नाही. त्या क्षणी सुचलेलं म्हणूनच ज्या सोलोला मोल आलं, तो पाठ करून म्हणायचा झाला की वाजवणाऱ्याच्या हातात काय उरतं? तेव्हा बाहेर पडल्याचा अपराधीपणा मनातून काढा. पत्रात तो शब्द तुम्ही लिहिलेला नाही, पण मला तो ओळींमधून दिसला.

मात्र होल्ड्सवर्थकडून शिकायची गोष्ट त्याआधीची आहे. १९७६, टोनी विल्यम्सच्या बँडनंतरचे दिवस. सीटीआय या नामांकित कंपनीने त्याचा पहिला एकट्याच्या नावाचा अल्बम ध्वनिमुद्रित केला, न्यू जर्सीत, रूडी व्हॅन गेल्डरच्या प्रसिद्ध स्टुडिओत. सोबत ॲलन पास्क्वा, अल्फॉन्सो जॉन्सन, नॅरडा मायकल वॉल्डन. याहून चांगली सुरुवात कुठली? पण होल्ड्सवर्थचं म्हणणं असं की, ते सगळे तालीम करत होते, टेप फिरत होती, आणि तीच तालीम ‘वेल्व्हेट डार्कनेस’ म्हणून बाजारात आली. तो अल्बम त्याने आयुष्यभर आपला मानला नाही. त्याच्या विरोधाला न जुमानता तो पुढेही निघत राहिला. २०१७ च्या एप्रिलमध्ये, तो जायच्या थोडे दिवस आधी, त्याच्या बारा अल्बमांचा एकत्रित संच आला. त्यात ‘वेल्व्हेट डार्कनेस’ नाही. मोजणी सुरू होते ती १९८२ च्या ‘आय.ओ.यू.’पासून, जो त्याने आपल्या बँडला घेऊन स्वतःच्या हिमतीवर काढला होता.

त्यानंतर प्रसिद्ध रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या शब्दामुळे वॉर्नर ब्रदर्स या बड्या रेकॉर्ड कंपनीची दारं उघडली. १९८३ मध्ये ‘रोड गेम्स’ आला, तोही पूर्ण लांबीचा नाही, सहा तुकड्यांचा. निर्मात्याशी खटके उडाले, ग्रॅमीचं नामांकन मिळालं, आणि त्या कंपनीशी संबंध तिथेच संपला.

आता तुमचा करार. कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही, खर्च करणारा काहीतरी मागणारच. पण ‘सगळे हक्क कायमचे’ ही ओळ मान्य करून सही करू नका. आपल्याकडे कायद्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या एकत्र होऊ देऊ नका. एक रचना, म्हणजे तुम्ही बांधलेलं संगीत. तिचे कर्ते तुम्ही. दुसरी तिचं ध्वनिमुद्रण, ज्याचा हक्क साधारणपणे पैसे घालून ते करून घेणाऱ्या निर्मात्याकडे जातो. कंपनीला ध्वनिमुद्रणाचा हक्क ठरावीक वर्षांसाठी द्यायचा असेल तर विचार करा. रचना देऊ नका. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे, हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला संगीतकाराचा समान वाटा शाबूत राहतो. करारात ‘रॉयल्टीवर दावा सांगणार नाही’ असं काही घुसवलेलं आहे का ते शोधा. मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमच्या कागदावर ‘कायमचे’ लिहिलंय म्हणजे लिहिणाऱ्याला हे नीट माहीत आहे. कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा तरी पैसे देऊन तो कागद दाखवा. ओळखीतला जमिनीचे दावे लढवणारा वकील इथे चालणार नाही.

आणि हक्कांइतकीच महत्त्वाची एक अट स्वतःहून घाला: कोणता टेक, म्हणजे एकाच तुकड्याच्या अनेक मुद्रणांपैकी कोणतं, बाहेर जाणार आणि मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवण्याचं काम, कधी पूर्ण झालं, हे तुमच्या लेखी होकाराशिवाय ठरणार नाही. एवढी ओळ कंपनीला नको असेल, तर कंपनीचे पैसे तुम्हाला नकोत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर स्वतःच्या पैशाने काढा, पण लहान काढा. सात रचनांऐवजी चार-पाच घ्या. चार लाखांतल्या निम्म्याला हात लावायचा नाही हे आजच पत्नीसमोर बसून ठरवा, आणि जी निम्मी रक्कम वापराल ती परत येणार नाही असं धरून चाला. ऋण काढून सण नको. होल्ड्सवर्थ गेल्यावर त्याच्या अंत्यविधीसाठी चाहत्यांना हाक द्यावी लागली. थोड्याच दिवसांत एक लाख डॉलरपेक्षा जास्त जमले, इतकं प्रेम होतं लोकांचं. पण ज्याच्यापुढे जगभरचे गिटारवादक हात जोडत, त्याच्या घरची ही स्थिती होती. तिसरीतल्या मुलीच्या बापाने हे ठाऊक ठेवून पाऊल उचलावं, एवढ्यासाठी सांगते.

खर्च कमी करायचा खात्रीचा मार्ग म्हणजे तालीम. ईसीएमची जुनी रीत साधारण अशी होती की दोन दिवस ध्वनिमुद्रण आणि तिसऱ्या दिवशी मिक्सिंग. गिटारवादक पॅट मेथनीचा पहिला अल्बम ‘ब्राइट साइझ लाइफ’ अशाच शिस्तीतला, १९७५ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गला केलेला. बासवर जॅको पस्टोरियस, ड्रमवर बॉब मोझेस, तिघंच. स्टुडिओत जाऊन सुचेल अशा भरवशावर ते गेलेले नव्हते, संगीत आधीच बोटांत मुरलेलं होतं. तुम्हीही बास आणि ड्रमवाला असे दोघं गाठा, ज्यांना तुमच्या रचना स्वतःच्या वाटतात. दोन-तीन महिने घरी किंवा तासावर मिळणाऱ्या तालीमखोलीत बसा, मोबाइलवर प्रत्येक बैठक रेकॉर्ड करा, आणि मगच स्टुडिओची तारीख घ्या. एकत्र वाजवून घ्या. तुकड्यातुकड्याने भरत बसलात तर पैसेही जास्त जातील आणि ज्या जिवंतपणासाठी बँड सोडलात तोही निसटेल. मिक्सिंग दुसऱ्याकडून करून घ्या, तुमच्याकडे सॉफ्टवेअर असलं तरी. आपली गिटार मिक्समध्ये किती वर हवी हे गिटारवाल्याला कळत नाही, हे मी कीबोर्डवाली म्हणून ठामपणे सांगू शकते.

कव्हर, फोटो, व्हिडिओ यांवर आत्ता विचार नको.

राहिल्या त्या तीन रचना. ज्या दोन पूर्ण तुमच्या आहेत त्या घ्या, निःशंक मनाने. बँडने वाजवल्या म्हणून त्या बँडच्या होत नाहीत. बँडचं जुनं ध्वनिमुद्रण मात्र त्यांचं, त्यातला एक सेकंदही वापरू नका, नवीन वाजवा. तिसरीचा उत्तरार्ध त्याचा आहे, म्हणजे ती रचना दोघांची आहे. त्याचा भाग काढून नवा जोडायचा मोह होईल. रचना त्याशिवाय खरंच उभी राहत असेल तर करा. पण तुम्ही स्वतः ‘त्याने बांधलेला’ असं लिहिलंत, त्यावरून मला वाटतं की ती त्याच्या भागाशिवाय पूर्ण होत नाही आणि तुम्हाला ते माहीत आहे.

या गुंत्याचं प्रसिद्ध उदाहरण गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनच्या ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ या बँडचं. पहिला संच १९७३ मध्ये फुटला तेव्हा भांडणाचं एक कारण हेच होतं की अल्बमवर रचना येत त्या मॅक्लॉक्लिनच्या, आणि बाकीच्यांनाही आपलं संगीत वाजवायचं होतं. त्या वर्षी लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत केलेल्या ध्वनिमुद्रणात यान हॅमर, जेरी गुडमन आणि रिक लेअर्ड यांच्या रचना होत्या, पण ते काम अडकून पडलं आणि थेट १९९९ मध्ये बाहेर आलं. मग हॅमर आणि गुडमन यांनी काय केलं? १९७४ मध्ये दोघांनी मिळून आपला अल्बम काढला, ‘लाइक चिल्ड्रन’, आणि त्या अडकलेल्या ध्वनिमुद्रणातली गुडमनची आणि लेअर्डची रचना त्यात नव्याने वाजवली. लेअर्ड त्या अल्बममध्ये वाजवत नव्हता, तरी त्याची रचना त्याच्याच नावाने आली.

मॅक्लॉक्लिनचं पुढे काय झालं तेही बघा. ‘महाविष्णू’ संपल्यावर तो अकूस्टिक गिटार घेऊन ‘शक्ती’ या नव्या बँडमध्ये जमिनीवर मांडी घालून बसला, आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्या शेजारी. तीन अल्बमांनंतर १९७८ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने ‘इलेक्ट्रिक गिटारिस्ट’ काढला, जवळजवळ प्रत्येक तुकड्यात वेगळे जुने सोबती घेऊन. पहिल्याच तुकड्यात व्हायोलिनवर जेरी गुडमन आहे आणि ड्रमवर बिली कोबम. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्यांच्याशी फाटलं होतं तेच. शेवटचा तुकडा त्याने एकट्याने वाजवला आहे. तो अल्बम एका बैठकीत ऐका.

तुम्हाला पाच वर्षं थांबायला मी सांगत नाही, आणि मित्राला अल्बममध्ये वाजवायला बोलवा असंही नाही. मन तयार नसताना ओढून आणलेली माणसं स्टुडिओत जड होतात. पण त्या एका रचनेसाठी त्याला लिहा. फोन नको, फोनवर जुनं उकरून निघेल. मेसेजमध्ये तीनच गोष्टी असू द्या: रचना अल्बममध्ये घ्यायची आहे, कर्ते म्हणून दोघांची नावं जातील, आणि रॉयल्टीत निम्मा वाटा त्याचा. बँडबद्दल, व्हिडिओबद्दल, दिवाळीबद्दल एक अक्षर नको. तो ‘हो’ म्हणाला तर तेवढ्यावरच दोघांच्या सहीचा साधा कागद करा आणि आयपीआरएसमध्ये, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत, रचनेची नोंद दोघांच्या नावाने, वाट्यांसह करा. तुम्ही सदस्य नसाल तर अल्बम बाहेर येण्याआधी व्हा, आणि बाकीच्या रचनाही तिथे नोंदवा.

‘नाही’ म्हणाला, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर ती रचना या अल्बममध्ये घेऊ नका. तुमच्याकडे आणखी सहा आहेत.